खासदार परदेशातील संसदीय परिषदांना जातात, त्याचे आपल्याकडे पुढे काय होते?

वर्धामार्ग_शिक्षिका

नमस्कार. मी नागपुरातील एका कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. मागच्या आठवड्यात आंतरराष्ट्रीय संस्थांचा पाठ संपवताना मी आंतर-संसदीय संघाचा, म्हणजे आयपीयूचा, उल्लेख केला. ही संस्था १८८९ मध्ये पॅरिसला स्थापन झाली, तिचे मुख्यालय जिनिव्हात आहे, १८० हून अधिक देशांच्या संसदा तिच्या सदस्य आहेत आणि भारत १९४९ पासून तिच्यात आहे. तिची सभा वर्षातून दोनदा भरते आणि तिथे हवामान, युद्ध, आरोग्य, व्यापार अशा प्रश्नांवर ठराव होतात, इथपर्यंत मी सांगितले. तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले, "मॅडम, आपले खासदार तिथे मत देतात, तर तो ठराव आपल्याला पाळावाच लागतो का? आणि लागत नसेल, तर ते जातात कशासाठी?"

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असे आहे आणि ते मी दिले. दुसऱ्यासाठी मात्र माझ्याजवळ अनुभवांची देवाणघेवाण, सदिच्छा, परस्परसमज असे तेच ते शब्द होते. त्यांनी तिचे समाधान झाले नाही आणि माझेही झाले नाही. २०२३ च्या मार्चमध्ये आपल्या शहरात जी-२० च्या निमित्ताने जी बैठक झाली, तिच्यासाठी रंगवलेल्या भिंती या मुलांनी शाळेत जाता-येता पाहिल्या आहेत. म्हणजे जागतिक परिषद त्यांच्या रस्त्यावरून गेली, पण तिच्यातून काय निघाले हे त्यांच्यापर्यंत आले नाही. खासदारांच्या या सहभागाचा उपयोग कोणाला उदाहरणासह सांगता येईल का? मला वर्गात परत जाऊन उत्तर द्यायचे आहे.

गोधनीकर_करदाता

उदाहरण मिळणार नाही, मॅडम. ठराव बंधनकारक नाही, खर्च मात्र आपल्या करातून होतो. आमच्या भागातील पाण्याच्या टाकीचा प्रश्न तीन वर्षे पडून आहे आणि लोकप्रतिनिधींनी जगाच्या तापमानावर भाषणे द्यावीत, हे मला पटत नाही.

अभ्यासवर्ग_माजी_विद्यार्थी

एक दुरुस्ती नोंदवतो. नागपुरात २० ते २२ मार्च २०२३ या काळात झालेली बैठक सी-२० ची, म्हणजे नागरी संस्थांच्या गटाची प्रारंभिक बैठक होती. तिच्यात खासदार नव्हे, तर स्वयंसेवी संस्थांचे प्रतिनिधी होते. जी-२० देशांच्या संसदाध्यक्षांची परिषद वेगळी. तिला पी-२० म्हणतात आणि ती त्याच वर्षी १३ व १४ ऑक्टोबरला दिल्लीत द्वारका येथील यशोभूमीत झाली. दोन्हींत फरक केला पाहिजे, कारण नागरी संस्था केवळ मागणी करू शकतात, तर संसद कायदा करू शकते आणि अंदाजपत्रक मंजूर करू शकते.

दुसरे असे की, या विषयाशी नागपूरचा एक जुना संबंध आहे. राष्ट्रकुल संसदीय मंडळाची महाराष्ट्र शाखा आपल्या विधिमंडळात आहे आणि हिवाळी अधिवेशनाच्या काळात नागपूरच्या विधान भवनात तिच्यातर्फे विद्यापीठीय विद्यार्थ्यांसाठी संसदीय अभ्यासवर्ग भरतो. मी एम.ए.ला असताना त्या वर्गाला बसलो आहे. सकाळी व्याख्याने, दुपारी प्रेक्षक सज्जातून सभागृहाचे कामकाज, असा क्रम असे. मुंबई, कोल्हापूर, नांदेड, जळगावची मुले नागपूरच्या थंडीत शाली पांघरून वहीत टिपणे घेत, तो काळ मी विसरलेलो नाही. हे मंडळ १९११ मध्ये ब्रिटिश साम्राज्याची संघटना म्हणून सुरू झाले आणि १९४८ मध्ये त्याचे नाव बदलले. आयपीयूत केवळ राष्ट्रीय संसदांना स्थान असते, पण राष्ट्रकुल मंडळात राज्यांची विधिमंडळेही शाखा म्हणून असतात. म्हणजे आपला आमदारसुद्धा या व्यवस्थेच्या आत आहे, हे आपल्या लक्षात नसते.

निवृत्त_प्राध्यापक_धंतोली

मॅडम, आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न फार मोलाचा आहे आणि त्याचे उत्तर आपल्या राज्यघटनेपासून सुरू करावे लागते. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करणे हे सरकारचे, म्हणजे कार्यकारी शाखेचे काम मानले जाते. संघसूचीतील १४ व्या नोंदीने हा विषय केंद्राकडे दिला आहे आणि अनुच्छेद ७३ नुसार सरकार संसदेची पूर्वसंमती न घेताही करारावर सही करू शकते. अमेरिकेत करारासाठी सिनेटच्या दोन-तृतीयांश सदस्यांची संमती लागते, तसे आपल्याकडे नाही. भूभाग दुसऱ्या देशाला द्यायचा असेल तरच घटनादुरुस्ती लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६० च्या बेरुबारी प्रकरणात सांगितले, आणि म्हणूनच बांगलादेशाशी झालेल्या सीमाकरारासाठी २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती करावी लागली. एरवी जागतिक व्यापार संघटनेचा करार असो की पॅरिसचा हवामान करार, आपल्या संसदेने त्यावर मतदान केलेले नाही. २००८ मध्ये अणुकरारावरून २२ जुलैला जे मतदान झाले, तेही करारावरचे नव्हते. तो सरकारवरील विश्वासदर्शक ठराव होता.

मग संसदेचा हात कुठे पोचतो? करार अमलात आणण्यासाठी कायदा लागतो तिथे. अनुच्छेद २५३ प्रमाणे आंतरराष्ट्रीय करार किंवा परिषदेतील निर्णय अमलात आणण्यासाठी संसदेला कोणत्याही विषयावर, अगदी राज्यसूचीतील विषयावरही, कायदा करता येतो. १९७२ मध्ये स्टॉकहोमला मानवी पर्यावरणावर परिषद झाली. तिचा उल्लेख करून आपल्या संसदेने १९८१ चा वायुप्रदूषण कायदा आणि १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा केला. या १९८६ च्या कायद्याखाली १९९९ मध्ये औष्णिक केंद्रांच्या राखेच्या वापरासंबंधी अधिसूचना निघाली आणि २०२१ मध्ये तिच्या जागी नवी आली. कोराडी आणि खापरखेडा यांच्या परिसरातील शेतकरी जेव्हा राखेबद्दल तक्रार घेऊन जातो आणि त्या अधिसूचनेचा आधार घेतो, तेव्हा तो नकळत स्टॉकहोमचा आधार घेत असतो. आपण वर्गात ही साखळी फळ्यावर काढून दाखवावी, अशी माझी सूचना आहे. अर्थात स्टॉकहोमची परिषद सरकारांची होती. पण परिषदेतील शब्द गावापर्यंत येण्याची वाट सभागृहातून जाते आणि त्या वाटेवर खासदार उभा असतो, एवढे तिच्यातून नक्की दिसते. ज्याने परिषदेत तो विषय ऐकला आहे, दुसऱ्या देशाच्या प्रतिनिधीशी त्यावर वाद घातला आहे, तो विधेयकावर बोलताना निराळा बोलतो.

गोधनीकर_करदाता

सर, साखळी पटली. पण ती सरकारच्या परिषदेपासून सुरू होते, खासदारांच्या नव्हे, हे आपणच मान्य केले आहे. खासदारांच्या परिषदेतून निघालेले एक तरी फळ दाखवा.

इतिहासवाचक_महाल

गोधनीकर, एक जुने फळ सांगतो. आयपीयू ही संस्था ज्या दोघांनी उभी केली, त्यांपैकी विल्यम रँडल क्रेमर हे इंग्लंडमधील सुतारकाम करणारे कामगार पुढारी होते आणि फ्रेदेरिक पासी हे फ्रान्सचे अर्थशास्त्रज्ञ. दोघेही आपापल्या संसदेत निवडून गेले होते. देशांतील भांडणे लढाईने नव्हे तर लवादाने मिटावीत, एवढाच त्यांचा मूळ आग्रह होता. सरकारे त्या वेळी हा विचार करायला तयार नव्हती. या खासदारांनी दहा वर्षे सभांमागून सभा घेऊन लवादाच्या कायम न्यायालयाची कल्पना मांडली आणि १८९९ च्या हेग परिषदेत सरकारांनी ते न्यायालय स्थापन केले. पासी यांना १९०१ मध्ये शांततेचे पहिले नोबेल पारितोषिक हेन्री ड्युनंट यांच्यासह मिळाले, क्रेमर यांना १९०३ मध्ये. तेच हेगचे लवाद न्यायालय आजही आहे आणि बंगालच्या उपसागरातील भारत-बांगलादेश सागरी सीमेचा निवाडा २०१४ मध्ये तिथल्या व्यवस्थेखालीच झाला. तो निवाडा बराचसा बांगलादेशाच्या बाजूने गेला आणि भारताने तो मान्य केला. दोन शेजारी देशांतील चार दशकांचे भांडण गोळी न झाडता मिटले. बंधनकारक नसलेल्या भाषणांपासून बंधनकारक निवाड्यापर्यंतचा हा प्रवास आहे; त्याला वेळ लागला, पण तो झाला.

कापूस_सावनेर

हा धागा मी दोन दिवस वाचतो आहे. मी शेतकरी आहे, अकरा एकरांत पऱ्हाटी असते आणि थोडी तूर. मला या विषयावर बोलायचे आहे, कारण माझ्या कापसाचा भाव सावनेरच्या बाजारात ठरतो असे लोकांना वाटते, पण तो तिथे ठरत नाही. जिनिंगवाला सकाळी रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, खंडीचा भाव विचारतो, सरकीचा भाव विचारतो, आणि मग माझ्या गाडीकडे बघतो. रुईचा भाव न्यूयॉर्कच्या वायद्यावर आणि परदेशातून येणाऱ्या गाठींवर हलतो. २०२१ पासून आयात कापसावर ११ टक्के शुल्क होते. २०२५ च्या ऑगस्टमध्ये ते उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत. लांब धाग्याचा हमीभाव त्या हंगामाला क्विंटलला ८,११० रुपये जाहीर झाला होता, पण हमीभावाने विकायचे तर नोंदणी, ओलावा, रांग हे सगळे आले, आणि ज्याला दिवाळीच्या तोंडावर वेचणीची मजुरी द्यायची असते त्याला थांबता येत नाही. मी त्या वर्षी दोन गाड्या खासगीत कमी भावाने दिल्या. दोष कोणाला द्यावा हे मला कळले नाही, कारण निर्णय इतक्या दूर होतात.

म्हणून माझा प्रश्न गोधनीकर भाऊंच्या उलट आहे. निर्णय दूर होतात म्हणूनच माझ्या माणसाने दूर गेले पाहिजे. फक्त तो तिथे जाऊन माझ्याबद्दल बोलला का, हे मला कळले पाहिजे. आफ्रिकेतील कापूस उत्पादकांचीही हीच अडचण आहे असे मी एका कृषी मेळाव्यात ऐकले होते. हे खरे असेल तर आमचे आणि त्यांचे प्रतिनिधी एकत्र का बसत नाहीत, हे कोणी सांगावे.

वकील_सिव्हिल_लाइन्स

सावनेरच्या भाऊंनी अगदी नेमक्या ठिकाणी बोट ठेवले आहे. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली या पश्चिम व मध्य आफ्रिकेतील चार देशांनी २००३ मध्ये जागतिक व्यापार संघटनेत कापसाचा प्रश्न स्वतंत्रपणे मांडला. श्रीमंत देश, विशेषतः अमेरिका, आपल्या कापूस उत्पादकांना जे अनुदान देतात त्यामुळे जगातील भाव पडतात आणि आमचा शेतकरी मरतो, असे त्यांचे म्हणणे होते. विदर्भातील शेतकऱ्याने लिहिले असते तरी त्याने हेच शब्द वापरले असते. त्याआधी २००२ मध्ये ब्राझीलने अमेरिकेविरुद्ध दावा लावला होता. तो २००५ मध्ये अपिलातही ब्राझीलच्या बाजूने लागला आणि २०१४ मध्ये ३० कोटी डॉलर देऊन अमेरिकेने तो मिटवला. ते पैसे ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी गेले, आपल्याला त्यातून काही मिळाले नाही.

आता संसदेचा भाग. आयपीयू आणि युरोपीय संसद मिळून २००३ पासून जागतिक व्यापार संघटनेवर संसदीय परिषद भरवतात. मंत्र्यांच्या परिषदेच्या वेळीही तिच्या बैठका झालेल्या आहेत. मंत्री आणि सचिव बंद खोलीत वाटाघाटी करतात, तेव्हा निवडून आलेल्या लोकांनी त्यांच्यावर लक्ष ठेवावे, हा तिचा उद्देश आहे. भाऊंनी विचारलेली खोली अशा प्रकारे अस्तित्वात आहे आणि तिच्यात मालीचा खासदारही बसू शकतो व यवतमाळचाही. पण एक अडचण प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अमेरिकेची काँग्रेस आज आयपीयूची सदस्य नाही. ज्याचे अनुदान कमी व्हावे असे आपल्याला वाटते, त्याच्या संसदेची खुर्ची त्या संघात रिकामी आहे.

गोधनीकर_करदाता

वकील साहेब, तुमच्या शेवटच्या दोन वाक्यांनी माझेच म्हणणे सिद्ध झाले. ज्याला समजवायचे तोच हजर नाही, तर बाकीच्यांनी एकमेकांना समजावून काय होणार?

वकील_सिव्हिल_लाइन्स

मला तसे वाटत नाही. चार आफ्रिकी देशांनी एकत्र येऊन विषय लावून धरला म्हणूनच २००५ च्या हाँगकाँग परिषदेत विकसित देशांनी कापसावरील निर्यात अनुदान २००६ मध्ये बंद करावे, असा निर्णय होऊ शकला. देशांतर्गत अनुदानाचा मोठा प्रश्न सुटला नाही, हे मान्य. पण बलाढ्य देश खोलीत नसतो तेव्हा उरलेल्यांनी एकमत करून ठेवणे, हेच दुबळ्याचे बळ असते. आपला देश कापूस पिकवणाऱ्या जगातील सर्वांत मोठ्या देशांपैकी एक आहे; मालीच्या शेतकऱ्याबरोबर आपण उभे राहिलो, तर त्याचे वजन वेगळे पडते.

परिचारिका_गडचिरोली

मी मूळची नागपूरची, सध्या गडचिरोली जिल्ह्यात आरोग्यसेवेत आहे. कापसावरील चर्चा वाचून मला सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराबद्दल लिहावेसे वाटले. विदर्भात आदिवासी समाजांत आणि अनुसूचित जातींतही हा आजार बऱ्याच कुटुंबांत आहे. हात-पाय दुखतात म्हणून रात्री कण्हणारे मूल आणि त्याच्या उशाशी बसलेली आई हे दृश्य मी आठवड्यातून एकदा तरी पाहते. आपल्या देशाने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले, १७ राज्यांतील ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असे त्याचे उद्दिष्ट आहे. हा आजार जगात सर्वाधिक नायजेरियात आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या आमसभेने २००८ मध्ये त्याला जागतिक आरोग्याचा प्रश्न म्हणून मान्यता दिली, १९ जून हा त्याचा दिवस ठरला, आणि त्या ठरावामागे आफ्रिकी देशांचा आग्रह होता. आमच्या पाड्यावरील आईला आणि लागोसच्या आईला एकच औषध लागते, हायड्रॉक्सीयुरिया, आणि दोघींनाही ते नियमित मिळण्याची चिंता असते.

२०२५ च्या मे महिन्यात खासदारांची जी सर्वपक्षीय शिष्टमंडळे गेली, त्यांतील श्रीकांत शिंदे यांचे शिष्टमंडळ काँगो, सिएरा लिओन आणि लायबेरियाला गेले होते. त्या दौऱ्याचे कारण दहशतवाद हे होते आणि ते योग्यच होते. पण मी वर्तमानपत्रात ते फोटो पाहत होते तेव्हा मनात आले की या देशांतही आमच्यासारख्या परिचारिका सिकलसेलची नोंदवही भरत असतील. पुढच्या वेळी कोणी महाराष्ट्राचा खासदार तिकडे गेला, तर त्याच्या पिशवीत आमच्या नोंदवहीतील चार आकडे असावेत, एवढीच माझी इच्छा आहे.

गोधनीकर दादांनी फळ मागितले आहे, म्हणून क्षयरोगाचे उदाहरण देते. २०१४ मध्ये बार्सिलोनात निरनिराळ्या देशांच्या खासदारांनी क्षयरोगासाठी एक जागतिक गट स्थापन केला. पक्ष बाजूला ठेवून आपापल्या सभागृहात या रोगाचा प्रश्न मांडायचा, असे त्यांनी सहीनिशी जाहीर केले. संयुक्त राष्ट्रांत क्षयरोगावर उच्चस्तरीय बैठक व्हावी असा आग्रह धरणाऱ्यांत हा गट होता आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तशी पहिली बैठक झाली. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. हा विषय आमच्यासाठी लांबचा नाही.

निवृत्त_प्राध्यापक_धंतोली

ताई, आपला प्रतिसाद वाचून मी थोडा वेळ थांबलो. शिष्टमंडळांचा विषय निघाला आहे म्हणून एक भेद मांडतो. देशाची बाजू मांडण्यासाठी जाणे वेगळे आणि जगाच्या प्रश्नावर एकत्र काम करण्यासाठी जाणे वेगळे. १९९४ मध्ये जिनिव्हातील मानवी हक्क आयोगासमोर काश्मीरचा प्रश्न आला, तेव्हा नरसिंह राव यांच्या सरकारने विरोधी पक्षनेते अटलबिहारी वाजपेयी यांना शिष्टमंडळाचे नेतृत्व दिले. २०१९ मध्ये बेलग्रेडच्या आयपीयू सभेत पाकिस्तानला उत्तर देण्याचे काम विरोधी बाकावरील शशी थरूर यांनी केले. २०२५ च्या सात शिष्टमंडळांतही थरूर, कनिमोळी आणि सुप्रिया सुळे यांच्याकडे नेतृत्व होते. ही परंपरा अभिमानाची आहे, परंतु तिला मी सहकार्य म्हणणार नाही. ती बाजू मांडणे आहे. आपल्या वर्गातील मुलीने विचारलेला प्रश्न दुसऱ्या प्रकाराविषयी आहे आणि तिथे आपली कामगिरी इतकी ठळक नाही.

इतिहासवाचक_महाल

सर, एका मुद्द्यावर मी असहमत आहे. दोन्ही प्रकार इतके वेगळे काढता येत नाहीत. जो देश इतरांच्या प्रश्नावर त्यांच्याबरोबर बसतो, त्याचीच बाजू अडचणीच्या वेळी ऐकली जाते. आपण मालीच्या कापसावर आणि नायजेरियाच्या सिकलसेलवर बोललो असू, तर दहशतवादावर बोलायला जाताना ओळख करून द्यावी लागत नाही. १९८४ मध्ये अण्वस्त्रांच्या प्रश्नावर भारत, स्वीडन, मेक्सिको, अर्जेंटिना, ग्रीस आणि टांझानिया यांनी जे संयुक्त आवाहन केले, ज्याची पुढची परिषद जानेवारी १९८५ मध्ये दिल्लीत झाली, त्याची जुळवाजुळव निरनिराळ्या देशांच्या खासदारांच्या एका जागतिक संघटनेनेच केली होती. तेव्हा ते सहकार्य होते की देशाची बाजू? माझ्या मते दोन्ही.

आणि या कामात महाराष्ट्र मागे नव्हता. १९९३ मध्ये आयपीयूची परिषद दिल्लीत भरली तेव्हा लोकसभेचे अध्यक्ष लातूरचे शिवराज पाटील होते. १९९९ मध्ये संघाचे अध्यक्षपद भूषवणाऱ्या पहिल्या महिला नजमा हेपतुल्ला या महाराष्ट्रातून राज्यसभेवर गेलेल्या होत्या. २०१७ मध्ये इंदूरला दक्षिण आशियातील संसदाध्यक्षांची परिषद झाली, ती चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन यांच्या यजमानपदाखाली.

निवृत्त_प्राध्यापक_धंतोली

आपला आक्षेप रास्त आहे. मी 'वेगळे' म्हणालो, तिथे 'एकमेकांवर अवलंबून' असे म्हणायला हवे होते.

वाचक_इंदोरा

स्त्रियांच्या संदर्भात एक गोष्ट जोडते. आयपीयूच्या नियमाप्रमाणे एखाद्या संसदेने सलग तीन सभांना केवळ पुरुषांचे किंवा केवळ स्त्रियांचे शिष्टमंडळ पाठवले, तर त्या शिष्टमंडळाची सदस्यसंख्या आणि मते कमी होतात. इथे एक नियम तरी असा आहे की जो पाळला नाही तर खरेच काहीतरी गमवावे लागते. हाच संघ प्रत्येक देशाच्या संसदेत किती स्त्रिया आहेत याची क्रमवारी प्रसिद्ध करतो. २०२४ मध्ये आपल्या लोकसभेत ५४३ पैकी ७४ स्त्रिया निवडून आल्या, तर रवांडाच्या कनिष्ठ सभागृहात त्या साठ टक्क्यांहून अधिक आहेत. महिला आरक्षणाच्या चर्चेत ही क्रमवारी वर्षानुवर्षे पुढे केली गेली, आणि २०२३ मध्ये १०६ वी घटनादुरुस्ती झाली. केवळ क्रमवारीमुळे ती झाली असे मी म्हणणार नाही, ते आपल्या बायकांच्या लढ्याचे श्रेय आहे. पण लाज वाटायला आकडा लागतो, आणि तो कोणीतरी नियमितपणे मोजत राहावे लागते.

गोधनीकर_करदाता

एवढे वाचल्यावर मी माझे म्हणणे थोडे बदलतो. जाणे व्यर्थ आहे असे मी आता म्हणणार नाही. पण परत आल्यावर काय, हा प्रश्न माझ्यासाठी तसाच आहे. मी वीस वर्षे मतदान करतो आहे. माझ्या मतदारसंघाच्या कोणत्याही प्रतिनिधीने परदेशातून आल्यावर 'मी तिथे हे बोललो, हे शिकलो आणि आता सभागृहात हे मांडणार आहे' असे सांगणारी एकही सभा घेतल्याचे मला आठवत नाही. सत्कार मात्र झालेले आठवतात.

अभ्यासवर्ग_माजी_विद्यार्थी

गोधनीकर काका, याबाबत मी पूर्णपणे तुमच्या बाजूचा आहे. परकीय पाहुणचार स्वीकारण्यापूर्वी विधिमंडळ किंवा संसद सदस्याला केंद्र सरकारची परवानगी घ्यावी लागते, २०१० च्या परकीय योगदान नियमन कायद्याच्या सहाव्या कलमात तशी तरतूद आहे. जाण्याआधीची परवानगी कायद्यात आहे, परतल्यावर मतदाराला सांगण्याची सक्ती त्यात नाही. ती सवय मतदारानेच लावावी लागेल. हिवाळी अधिवेशनाला सगळे मंत्री आणि आमदार नागपुरात येतात. विचारण्यासाठी आपल्याला दिल्लीला जायला नको.

वर्धामार्ग_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. काल मी वर्गात प्राध्यापक सरांची साखळी फळ्यावर काढली: स्टॉकहोम, संसद, १९८६ चा कायदा, राखेची अधिसूचना, कोराडी. वर्गातील एका मुलाचे घर कोराडीच्या बाजूला आहे. तो उठून म्हणाला की त्याच्या आजोबांच्या शेतावर राख येते आणि अर्ज कसा करायचा हे त्यांना माहीत नाही. उरलेला तास आम्ही त्या अर्जाचा मसुदा करण्यात घालवला. पाठ्यक्रम पुढे सरकला नाही, त्याची मला खंत नाही.

ज्या मुलीने मूळ प्रश्न विचारला होता, तिला मी कापूस, क्षयरोग आणि सिकलसेल यांच्याबद्दल सांगितले. ती म्हणाली, "म्हणजे तिथे जाऊन काय सांगायचे, हे आपण त्यांना आधी सांगायला पाहिजे." माझ्या उत्तरापेक्षा तिचे उत्तर चांगले आहे. त्यावरून मुलांनी विदर्भातील सर्व खासदारांना एक पत्र लिहायचे ठरवले आहे. त्यात तीन प्रश्न आहेत: गेल्या पाच वर्षांत आपण कोणत्या आंतरराष्ट्रीय संसदीय परिषदेत किंवा गटात भाग घेतला, तिथे विदर्भाशी संबंधित कोणता विषय मांडला, आणि परतल्यावर त्यावर सभागृहात किंवा स्थायी समितीत काय विचारले. पत्राची भाषा आदराची ठेवली आहे. परिचारिका ताई, आपल्या नोंदवहीतील रुग्णांची नावे वगळून आकडे मिळू शकतील का? सोबत जोडण्याचा विचार आहे.

परिचारिका_गडचिरोली

वरिष्ठांची लेखी परवानगी घेऊन देते. जाहीर झालेले तालुकानिहाय आकडे त्याआधीच पाठवू शकेन.

गोधनीकर_करदाता

मॅडम, पत्रावर पालक आणि नागरिकांच्या सह्या चालणार असतील तर माझी घ्या. चौथा प्रश्न सुचवतो: 'आपण मतदारसंघात येऊन हे विद्यार्थ्यांना सांगाल का, आणि कोणत्या तारखेला?' तारीख मागितल्याशिवाय पत्र पाठवू नये.

कापूस_सावनेर

माझीही सही घ्या. कापसाचा परिच्छेद मुलांनी लिहिला असेल तर मला एकदा वाचून दाखवा, कारण रुई आणि कापूस यांच्या भावात लोक गल्लत करतात आणि मग वरचा माणूस ते पत्र तिथेच बाजूला ठेवतो. शनिवारी सावनेरच्या बाजारात गाडी खाली करून मी दुपारच्या बसने नागपूरला येतो. महाविद्यालय किती वाजेपर्यंत उघडे असते, तेवढे कळवा.